टपाची खुर्ची आणि पोत्याची खोळ

लंडनमध्ये १०, डाउनिंग स्ट्रीट या पत्त्यावर ब्रिटनचे पंतप्रधान राहतात, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या घराच्या प्रवेशदालनात काळ्या चामड्याने मढवलेली एक जुनी खुर्ची आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. खुर्चीची पाठ बसणाऱ्याच्या डोक्यावरून वर जाते, दोन्ही अंगांनी पुढे येते आणि माथ्यावर कमानीसारखी वळते. आपल्याकडच्या टांग्याला असतो तसा तिला टप आहे. तिचा आराखडा टॉमस चिपेंडेल या अठराव्या शतकातल्या प्रसिद्ध कारागिराचा असल्याचे सांगतात. एके काळी ही खुर्ची घराबाहेर, रस्त्यावर असे आणि तिच्यात पहारेकरी बसत. बैठकीखाली एक खण आहे. त्यात निखारे ठेवले की बसणाऱ्याला खालून ऊब मिळे. उजव्या हातावरच्या चामड्याला ओरखडे आहेत. पहारेकऱ्यांच्या कमरेचे पिस्तूल उठता-बसता घासून ते पडले, असे सांगितले जाते.

मी लंडनला गेलेलो नाही, जाण्याची शक्यताही नाही. कापसाच्या धंद्यात हिशेबनीस म्हणून आयुष्य गेले. इतिहासाची पदवी माझ्याजवळ नाही. गेली पंधरा वर्षे मी यवतमाळ जिल्ह्यातल्या कामाच्या जागांवरच्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवतो: काटे, मापे, कंदील, पेट्या, बाकडी. हा नाद कसा लागला ते सांगता येणार नाही, पण त्या ओरखड्यांविषयी वाचले तेव्हा मला माझे वडील आठवले. ते एका जिनात रात्रपाळीचे चौकीदार होते. त्यांच्या स्टुलाच्या उजव्या पायालाही काठी टेकवून टेकवून एक खाच पडली होती. लंडनच्या खुर्चीवरचे ओरखडे आता मुद्दाम जपून ठेवले आहेत. वडिलांचे स्टूल केव्हा तरी जळणात गेले.

रात्रभर जागणाऱ्या माणसाच्या डोक्यावरचे आच्छादन कोणी पुरवायचे, हा या लेखाचा विषय आहे. खुर्ची हे त्याचे निमित्त.

दारावरच्या माणसाची खुर्ची

इंग्रजीत या खुर्चीला ‘पोर्टर्स चेअर’ म्हणतात. पोर्टर म्हणजे हमाल नव्हे, दारावरचा माणूस. मोठ्या घरात आलेल्याची चौकशी करणारा, आत वर्दी देणारा, रात्री दार सांभाळणारा नोकर तो हा. साधारण सोळाव्या शतकापासून इंग्लंड आणि फ्रान्समध्ये अशा खुर्च्या वापरात आल्या. लाकडी सांगाडा, वर चामडे आणि कडेने पितळी खिळ्यांची रांग, हे त्यांचे ठरलेले रूप. काही खुर्च्यांच्या हातावर कंदील ठेवायला छोटी फळी असे.

ही रचना समजून घ्यायची तर त्या घरांची दालने डोळ्यांपुढे आणावी लागतात. उंच छत, दगडी फरशी, एका टोकाला सतत उघडझाप होणारे जड दार. हिवाळ्यात दाराच्या फटीतून येणारा वारा फरशीवरून सरळ पायांवर येतो. शेगडी दालनाच्या दुसऱ्या टोकाला आणि माणसाचे काम मात्र दाराजवळ. त्याला शेगडीजवळ बसवले तर दार सुटते आणि दाराशी बसवले तर तो गारठतो. यावर तोडगा म्हणून माणसाभोवतीच एक लहान खोली उभी केली. पाठीमागचा आणि बाजूचा वारा अडला, समोरची बाजू उघडी राहिली. बसणाऱ्याला फक्त दार दिसे, आणि तेवढेच त्याने पाहावे अशी अपेक्षा होती.

या खुर्चीत दया होती असा माझा दावा नाही. घरमालकाने केलेला तो साधा हिशेब होता. नोकर आजारी पडला तर दार मोकळे राहील, म्हणून दोन-तीन जनावरांचे चामडे आणि चार फळ्या खर्ची घातल्या. मात्र त्या हिशेबात एक गोष्ट मान्य केलेली दिसते. पहारा देणारा माणूस थंडीने काकडतो, त्याला टेकायला पाठ लागते, आणि याची व्यवस्था ज्याच्या दाराचा पहारा आहे त्याने करायची असते. खुर्ची नोकराच्या मालकीची नव्हती, घराची होती. नोकर बदलले तरी ती तिथेच राहिली. म्हणूनच ती आज पाहायला मिळते.

टप असलेल्या इतर खुर्च्या

युरोपातल्या गार, वाऱ्याच्या मुलखात टपाच्या खुर्चीचे आणखी प्रकार आढळतात. उत्तर इंग्लंडच्या यॉर्कशायर आणि लँकेशायर भागांत मेंढपाळांच्या घरी सबंध लाकडी फळ्यांची, बाजू बंद असलेली, वर टप काढलेली खुर्ची असे. तिच्याही बैठकीखाली खण असे. तिला ‘लॅम्बिंग चेअर’ म्हणतात. मेंढ्या वितात त्या दिवसांत मेंढपाळाला रात्रभर जागावे लागते. जागणारा हिच्यात बसे आणि अशक्त कोकराला खालच्या खणात ऊब देई, असे या नावामागचे स्पष्टीकरण दिले जाते. हे तेच लँकेशायर, ज्याच्या गिरण्यांना अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी सोन्याचा भाव आला. आमच्या जिल्ह्याचे पुढचे नशीब त्या गिरण्यांशी बांधले गेले.

स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी नावाची बेटे आहेत. तिथे झाडे जवळजवळ नाहीतच. समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकलेल्या लाकडाचा सांगाडा करायचा आणि ओट या धान्याच्या काडाची वळकटी शिवत शिवत पाठ आणि टप विणायचा, अशी तिथली पद्धत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कर्कवॉल गावच्या डेव्हिड कर्कनेस या सुताराने या खुर्च्या विक्रीसाठी करायला घेतल्या आणि त्या बेटांबाहेर गेल्या. जर्मनीत १८८२ मध्ये रोस्टॉक इथल्या व्हिल्हेल्म बार्टेलमान या टोपल्या विणणाऱ्या कारागिराकडे संधिवाताने त्रासलेल्या एक बाई आल्या. समुद्रकिनाऱ्यावर बसता यावे, पण वारा लागू नये, अशी त्यांना खुर्ची हवी होती. त्याने वेताची, टप असलेली खुर्ची विणून दिली. आज जर्मनीच्या किनाऱ्यांवर तशा खुर्च्यांच्या रांगा असतात.

आणखी एक बंदिस्त खुर्ची इथे आठवते, ती म्हणजे इंग्लंडमधली सेडान चेअर, आपल्या मेण्याची बहीण. १६३४ मध्ये सर सॉंडर्स डंकम याला लंडनमध्ये अशा खुर्च्या भाड्याने चालवण्याचा मक्ता मिळाला. चहूबाजूंनी बंद पेटीत एक जण बसे आणि दोघे जण ती दांड्यांवर उचलून नेत. पाऊस आला तर आतला कोरडा आणि उचलणारे ओले. पोर्टरच्या खुर्चीत नेमके उलटे आहे. तिथे टपाखाली बसतो तो नोकर. टप असलेल्या आसनांच्या सगळ्या इतिहासात ही गोष्ट मला विरळ वाटते.

आपल्याकडे: छत्र, देवडी आणि वेस

आपल्याकडे आसनावरचे आच्छादन म्हटले की राजा किंवा देव डोळ्यांपुढे येतो. छत्र, अब्दागीर, हत्तीवरची अंबारी, रायगडावरच्या सिंहासनाची मेघडंबरी, देवाचे मखर. ‘छत्रपती’ या पदवीतच डोक्यावरच्या आच्छादनाचा मान आहे. पालखीचा मान दरबारातून मिळे, तो आपला आपण घेता येत नसे. खुर्चीचेही तसेच झाले. हा शब्द फारसीतून आला आणि अधिकार घेऊनच आला. एकोणिसाव्या शतकात उत्तर हिंदुस्थानात इंग्रज अधिकारी निवडक लोकांना ‘कुर्सीनशीन’ असल्याचे प्रमाणपत्र देत. साहेबासमोर खुर्चीवर बसता येते, एवढाच त्याचा अर्थ. ज्या समाजात बसण्याचा दाखला घ्यावा लागतो, तिथे दारावरच्या माणसाला खुर्ची आणि वर टप कोण देणार?

इथपर्यंत येऊन मी बरेच दिवस थांबलो होतो. इंग्रजाने नोकराला टप दिला आणि आपण दिला नाही, असा सोपा निष्कर्ष हाताशी होता. रायगडाच्या महादरवाजातून आत गेलो तेव्हा तो डळमळला. दरवाजाच्या आतल्या अंगाला पहारेकऱ्यांसाठी देवड्या आहेत. जमिनीपासून उंच जोते, तीन बाजूंना भिंत, वर छत, समोर उघडे. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजातही त्या आहेत. जुन्या वाड्यांच्या दिंडीदरवाजाला लागून असलेल्या लहान देवड्या आमच्या भागातही पाहायला मिळतात. देवडी म्हणजे दगडाची पोर्टर्स चेअरच. फरक इतकाच, की आपल्याकडे आच्छादन आसनाला न जोडता भिंतीला जोडले. हवा वेगळी, म्हणून घडण वेगळी. आपल्याकडे आठ महिने ऊन आणि पाऊस यांच्यापासून आडोसा लागतो, चामड्याच्या टपात माणूस उकडून निघाला असता.

म्हणजे आपल्या पूर्वजांनाही पहारेकऱ्याची पाठ ठाऊक होती. पण देवडी कुठे होती ते पाहिले पाहिजे. ती गडावर होती, वाड्यात होती. तिथला पहारेकरी शिलेदार, गारदी, घरचा माणूस. गावाच्या वेशीवर रात्र काढणाऱ्या वेसकराची गोष्ट निराळी. हे काम बहुतेक गावांत महार समाजाकडे होते. वेस लावायची, उघडायची, परक्याची खबर पाटलाला द्यायची, वर्दी घेऊन गावोगाव जायचे. बदल्यात बलुते आणि घरोघरची भाकर. या कामाला वेळ-काळ नव्हता. घरातला कर्ता माणूस नसेल तर दुसऱ्या कोणाला जावे लागे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदे मंडळात महार वतनासंबंधी विधेयक मांडले, त्यामागे हीच चोवीस तासांची, मोबदल्याचा हिशेब नसलेली चाकरी होती. मुंबई राज्यात कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले.

वेसकराच्या आच्छादनाची जबाबदारी गावाने घेतली नाही. त्याचे घोंगडे त्याचे. ते तो स्वतः आणी, डोक्यावरून घेई आणि सकाळी घरी नेई. इंग्लंडमध्ये टप खुर्चीला होता, गडावर भिंतीला होता, वेशीवर तो माणसाच्याच डोक्याला बांधलेला होता. कोकण-मावळातले इरले घ्या, देशावरची घोंगड्याची खोपी घ्या की आमच्याकडची पोत्याची खोळ घ्या, ज्याचे त्याने आणायचे असे हे टप आहेत. त्यांची नोंद कुठल्या घराच्या सामानाच्या यादीत होत नाही, आणि फाटले की ते उकिरड्यावर जातात. संग्रहालयात खुर्च्या दिसतात आणि खोळ दिसत नाही, याचे कारण मला यात सापडले.

जिनातली रात्र

खोळ कशी करतात हे आता बऱ्याच वाचकांना ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. तरटाचे मोठे पोते घ्यायचे. त्याच्या तळाच्या दोन कोपऱ्यांपैकी एक कोपरा आत दाबत दुसऱ्या कोपऱ्यात बसवायचा. टोकदार टोपी तयार होते आणि उरलेले पोते पाठीवर कमरेच्या खाली लोंबते. सुई नाही, दोरा नाही. पावसात निंदणाऱ्या बायांपासून रात्रीच्या चौकीदारापर्यंत सगळ्यांचे हे आच्छादन.

वडिलांचे जिन जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी होते. हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होई आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत चाले, म्हणजे कामाचे दिवस आणि थंडीचे दिवस एकच. यवतमाळ शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर आहे. पारा एप्रिल-मेमध्ये बेचाळीसच्या पुढे जातो म्हणून आमचा जिल्हा उन्हासाठी ओळखला जातो, पण डिसेंबरच्या रात्री तो दहा अंशांच्या खाली येतो. मोकळ्या आवारात, पहाटे दव पडत असताना, ती थंडी हाडात शिरते.

थंडीत माणूस शेकोटी पेटवतो. जिनात ते चालत नाही. आवारात कापसाच्या गंज्या, आत रुई, फाटकाजवळ बांधलेल्या गठाणी, मागे सरकीचे ढीग. एक ठिणगी पुरते. त्यामुळे चौकीदाराला शेकोटी नाही, बिडी नाही, काडेपेटीसुद्धा फाटकावर काढून ठेवायची. १९७२ मध्ये राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाल्यावर सरकारने घेतलेला मालही अशा जिनांच्या आवारात पडू लागला आणि नियम आणखी कडक झाले. डाउनिंग स्ट्रीटच्या पहारेकऱ्याला निखाऱ्याचा खण होता. वडिलांच्या आवारात निखारा हाच शत्रू होता. त्यांच्याजवळ एक खोळ, एक स्टूल आणि पायांना ऊब म्हणून सरकीचा ढीग. ओलसर सरकी ढिगात आतून गरम होते. तिच्यात गुडघ्यापर्यंत पाय खुपसून ते बसत. त्या गरमीनेच कधी ढीग पेट घेतो, त्यामुळे त्यावर लक्ष ठेवणे हेही त्यांचे कामच होते.

एका हंगामात त्यांनी बांबूच्या चार कमट्या वाकवून स्टुलाला बांधल्या आणि वर दोन तरटे ओढून शिवली. मागून आणि दोन्ही बाजूंनी बंद, समोरून उघडे. मी तेव्हा सातवीत होतो, जेवणाचा डबा घेऊन जायचो. मला तो खेळ वाटला, मी त्यात बसूनही पाहिले. आत तरटाचा आणि सरकीच्या तेलाचा वास होता आणि वारा खरोखर थांबत होता. आज मला कळते, की ऑर्कनीच्या शेतकऱ्याने जे काडाने केले ते वडिलांनी तरटाने केले होते. दोघांनीही हाताशी होते तेच वापरले.

चौथ्या की पाचव्या दिवशी दिवाणजीने ते काढायला लावले. कारण एका वाक्याचे होते, आणि वडील ते पुढे कितीदा तरी हसून सांगत: “पाठ टेकली की माणूस झोपते.” स्टूल राहिले, कमट्या गेल्या. खोळ डोक्यावर घ्यायला मनाई नव्हती, कारण ती वडिलांची स्वतःची होती आणि तिच्यात टेकायला पाठ नव्हती.

इंग्रज घरमालक आणि आमचा दिवाणजी, दोघेही आपापला फायदाच पाहत होते. एकाला वाटले, माणूस गारठला तर पहारा ढिला पडेल. दुसऱ्याला वाटले, माणूस उबेत बसला तर पहारा ढिला पडेल. एकाच कामाविषयी हे दोन उलट सिद्धान्त आहेत. पहिल्यात माणूस जागणारच असे धरून त्याच्या शरीराची सोय पाहिली आहे. दुसऱ्यात तो झोपणारच असे धरून त्याच्या शरीराचा त्रास वाढवला आहे. माझ्या मते दोन्ही मालकांत खरा फरक इथे आहे. हवामानाने तो पडत नाही.

शेतातला माळा

स्वतःच्या मालाची राखण करणारा माणूस काय करतो? आमच्या जिल्ह्यात याचे उत्तर शेतोशेती उभे आहे. तूर, हरभरा, ज्वारी उभी असते तेव्हा रोही आणि रानडुकरे येतात. त्यांना हाकलायला शेतकरी जागलीवर जातो. त्यासाठी चार खांबांवर माळा बांधतो: वर जायला आडव्या दांड्या, बसायला फळ्या किंवा बल्ल्या, पाठीमागे तुराट्यांचे कूड आणि डोक्यावर गवताचे किंवा ताडपत्रीचे छप्पर. पुन्हा तीच रचना, तीन बाजू बंद आणि पाहण्यापुरती एक उघडी. त्याला कोणी सांगितलेले नसते की पाठ टेकली की माणूस झोपतो. तो टेकतो, आणि डुलकी लागली तर डबा वाजवत पुन्हा जागा होतो. स्वतःचे पीक असले म्हणजे आडोशाचा संशय येत नाही.

अर्थात माळा सगळ्यापासून वाचवत नाही. राळेगाव आणि पांढरकवडा भागात २०१६ ते २०१८ या काळात वाघाच्या हल्ल्यांत माणसे गेली आणि २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीच्या परिसरात ‘टी-वन’ ऊर्फ अवनी ही वाघीण गोळी घालून मारली गेली. तिच्या मारण्यावरून देशभर वाद झाला. त्या दोन वर्षांत या गावांमध्ये जागलीला जाणे जवळजवळ थांबले होते, आणि पीक डुकरांनी खाल्ले. वाद मुंबई-दिल्लीत चालू होता तेव्हा इथे प्रश्न साधा होता: संध्याकाळी शेतात जायचे की नाही? शिवाय शेतीपंपाची वीज बहुधा रात्री मिळते, त्यामुळे ओलिताला जाणाऱ्याला माळ्यावर बसूनही भागत नाही. तो अंधारात चिखलात उभा असतो.

बसण्याचा कायदा

बसणे ही सवलत नसून कामाचा भाग आहे, हे कायद्याने सांगायला बराच उशीर झाला. इंग्लंडमध्ये १८९९ मध्ये दुकानातल्या स्त्री नोकरांसाठी कायदा झाला. तीन जणींमागे निदान एक आसन ठेवावे, एवढीच त्याची मागणी होती. गंमत अशी, की त्या सुमारास टपाची खुर्ची दारावरून उठून हॉटेलांच्या आणि श्रीमंतांच्या बैठकीत शोभेसाठी जाऊ लागली होती. घरांना घंटा आणि उष्णतेच्या नव्या सोयी आल्या, दारावरचा माणूस कमी झाला आणि त्याचे आसन मालकाला आवडू लागले.

आपल्या देशात १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या ४४ व्या कलमात उभे राहून काम करणाऱ्यांसाठी बसण्याची सोय सांगितली होती. दुकानांतल्या नोकरांना बसण्याचा हक्क केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दिला, तोही साडीच्या दुकानांत दहा-दहा तास उभ्या राहणाऱ्या बायांनी आवाज उठवल्यावर. महाराष्ट्रात खाजगी सुरक्षा रक्षकांच्या नोकरीचे नियमन आणि कल्याण यांसाठी १९८१ चा कायदा आहे. नोंदणी, वेतन, मंडळ यांची व्यवस्था त्यात आहे. पण फाटकावर बसलेल्या माणसाच्या पाठीमागे भिंत आहे की वारा, हे पाहायला कुठल्याही कायद्याचा माणूस रात्री दोन वाजता येत नाही. ते पाहणारे आपणच असतो, आणि आपण तेव्हा झोपलेले असतो.

हे मी दुसऱ्यांना सांगत नाही. पाच वर्षांपूर्वी आमच्या वसाहतीने फाटकावर रात्रीचा वॉचमन ठेवला. बैठकीत त्याला काय बसायला द्यावे याची चर्चा झाली. एक जण म्हणाले, खुर्ची नको, स्टूल द्या, पाठ टेकली की झोप लागते. सगळ्यांना ते पटले. मी तेव्हा सचिव होतो. ठराव माझ्या अक्षरात आहे आणि खाली माझी सही आहे. वडिलांना जाऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती. लिहिताना मला काहीही आठवले नाही, हे सांगताना आज लाज वाटते.

आमचा वॉचमन साठीच्या पुढचा आहे. त्याची चार एकर शेती होती, आता नाही. गेल्या जानेवारीत पहाटेच्या गाडीसाठी निघालो तर तो स्टुलावर बसला होता आणि डोक्यावर खोळ होती. तरट आता मिळत नाही. खताच्या प्लॅस्टिकच्या पोत्याची खोळ होती ती, एक कोपरा दुसऱ्यात बसवलेली. पोत्यावरचा ४५ किलोचा छापा त्याच्या पाठीवर उलटा दिसत होता. मला पाहून तो उठून उभा राहिला आणि खोळ घाईने काढून घेतली, जणू काही चोरी पकडली गेली असावी. मी फाटकातून बाहेर पडलो, स्टँडवर गेलो आणि गाडी न पकडता परत आलो. पोर्टरच्या खुर्चीविषयीचे वाचन त्यानंतर सुरू झाले.

यंदाच्या दिवाळीपूर्वीच्या बैठकीत मी दोन गोष्टी मांडल्या: जुना ठराव रद्द करावा आणि फाटकाजवळ पाठ व टप असलेले आसन करून घ्यावे. खर्चाचा आकडा काढून नेला होता. वसाहतीच्या दिवाळीच्या रोषणाईपेक्षा तो कमी निघाला. पहिली गोष्ट मंजूर झाली. दुसरीवर विचार करू, असे ठरले. मी वाट न पाहता सुताराकडे गेलो. चामडे नको, सागाच्या फळ्या आणि आतून सतरंजीचे अस्तर. बैठकीची उंची अठरा इंच, पाठ साडेपाच फूट, समोरून उघडी, खाली खण. सुताराने मापे लिहून घेतली, कागद उलटा-सुलटा करून चित्र पाहिले आणि विचारले, खुर्ची कोणासाठी? मी सांगितले, वॉचमनसाठी.

“वाचमनले?” तो म्हणाला. “मंग वरचा टप कायले?”

त्याला सांगायला बसलो. जवळजवळ तासभर लागला.